एकाच खात्यात

नाना, तुम्ही माझ्याशी खोटं बोललात.

महिन्याच्या श्राद्धाच्या दुसऱ्या दिवशी कुणी असं लिहायला बसत नाही, हे मला कळतं. एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी तुमच्यावर लेख मागितला होता, तो कालच पोस्टात टाकला. मोजून दोन पानं. गुप्तवार्ता खात्यात तीस वर्षं नोकरी, निवृत्तीनंतर सात हेरकथा, शिस्तप्रिय अधिकारी, वाचकप्रिय लेखक, सुरतेतल्या मराठी माणसांचा अभिमान वगैरे. तुम्ही तो वाचला असतात तर भुवई वर करून म्हणाला असतात, "बाई, हा कोण गृहस्थ? मी याला भेटलेलो नाही." तो लेख त्यांच्यासाठी होता. हा तुमच्यासाठी आहे, आणि यात मी तुमच्याशी भांडणार आहे, कारण आपलं भांडण अर्धवट सोडून तुम्ही निघून गेलात.

तुमचा खबऱ्या सुपडू मेला, असं तुम्ही मला सांगितलं होतंत. "केव्हाच गेला. गावाकडे. पोटाच्या दुखण्यानं." मी विश्वास ठेवला. मग तुम्ही गेल्याच्या पाचव्या दिवशी, सकाळी अकराच्या सुमाराला, तो मेलेला माणूस तुमच्या दारात वाकून चपला काढत होता.

आपली ओळख प्लेगच्या वर्षाची. त्याआधी चार वर्षं एकाच सोसायटीत, मी वरच्या मजल्यावर आणि तुम्ही खालच्या, आणि जिन्यातल्या नमस्कारापलीकडे आपलं बोलणं नव्हतं. पोलिसातले कुणीतरी साहेब, असं समजून मी बाजूला सरकायची. मग ते दिवस आले. खानदेशातली सगळी बिऱ्हाडं दाराला कुलूप लावून गावाकडे निघाली, शाळा बंद झाली, रस्त्यावर तोंडाला रुमाल बांधलेली चार माणसं दिसली तर ती गर्दी वाटायची. आईचा पाय प्लास्टरमध्ये होता म्हणून मी राहिले. तुम्ही का राहिलात ते मला कधी कळलं नाही. तिसऱ्या दिवशी तुम्ही वर आलात. एका हातात टेट्रासायक्लिनची पाकिटं, दुसऱ्या हातात दोरीनं बांधलेला कागदांचा गठ्ठा.

"तुम्ही पांडेसऱ्याच्या मराठी शाळेत शिकवता," तुम्ही म्हणालात. "अक्षर चांगलं असणार. नुसतं बसून भीती वाटते. हे उतरवून काढा."

तुमचं अक्षर म्हणजे शाईत बुडालेली मुंगी कागदावरून पळाली असावी तसं. पहिली दहा पानं मी शिव्या देत उतरवली. अकराव्या पानावर शिव्या थांबल्या. प्लेग संपला तेव्हा तुमची तिसरी कादंबरी माझ्या अक्षरात शंभर पानी चार वह्यांमध्ये तयार होती आणि मला रात्रीची झोप लागायला लागली होती. याबद्दल मी तुमचे आभार कधी मानले नाहीत. तुम्ही मानू दिले नसते, आणि मलाही ते जमलं नसतं. आता मानते. त्या पंधरा दिवसांत मी वेडी झाले नाही ती तुमच्यामुळे, नाना.

कच्चे कागद मात्र तुम्ही मागून न्यायचात. रविवारी तुमच्या न्हाणीघरातल्या बंबात ते जायचे आणि त्यावर तापलेल्या पाण्यानं तुम्ही आंघोळ करायचात. सात कादंबऱ्यांचे खर्डे असे वाहून गेले. खात्याची सवय, तुम्ही म्हणायचात. एकदा मी विचारलं, जाळायचाच असतो तर कच्च्या कागदावर तरी खरी नावं का लिहीत नाही? तिथेही तुम्ही खोटीच नावं घालायचात. त्यावर तुम्ही चष्मा काढून माझ्याकडे असं पाहिलंत की मी पाचवीतली मुलगी झाले. "जाळणार आहे म्हणून खरं लिहू नये, बाई. जळेपर्यंत तो कागदच असतो."

तुमच्या बायकोनं, माईंनी, तुमचं एकही पुस्तक वाचलं नाही. "घरात तीस वर्षं एक अक्षर बोलले नाहीत, आता रस्त्यावरच्या माणसाला पानंच्या पानं सांगतात," असं त्या भाजी निवडताना म्हणायच्या, तुम्हाला ऐकू जाईल इतपत. तुम्ही ऐकून न ऐकल्यासारखं करायचात. त्यातही तुम्ही तरबेज होतात.

तुमच्या कादंबऱ्यांत नाव खोटं, गाव खोटं, रंगरूप खोटं. पण बोलणं खरं. ते तुम्हाला बदलता येत नव्हतं. खात्यात तीस वर्षं तुम्ही खबऱ्यांचे शब्द जसेच्या तसे लिहिलेत आणि एका धाकट्या अधिकाऱ्याचा अहवाल फाडून टाकलात, कारण त्यानं खबऱ्याच्या तोंडी 'कदाचित' हा शब्द घातला होता. "खबऱ्या कदाचित म्हणत नाही," तुम्ही मला सांगितलंत, अजूनही चिडूनच. "तो म्हणतो, माले वाटस. माझा शब्द त्याच्या तोंडात घातला की बातमी माझी झाली, त्याची राहिली नाही." सगळं आयुष्य लपवण्यात गेलेला माणूस, पण बोलणं लपवायचं म्हटलं की हटून बसायचा. मला त्याचं हसू यायचं. सफारीवाला शेठ घरी आला तोपर्यंत.

तो आला तो रविवार मला आठवतो, कारण तुम्ही दाराकडे तोंड करून बसला होतात, नेहमीसारखे, आणि मी समोर मुद्रितं तपासत होते. राखाडी सफारी, हातात घारीच्या मिठाईचा डबा. पायातले बूट त्यानं फार व्यवस्थित काढले, एकाला एक लावून. तुम्ही माझी ओळख करून दिली नाहीत, म्हणून मी समजले की मी तिथे नाही असं समजायचं आहे. मी मान खाली घालून तपासत राहिले.

"साहब, आपकी किताबें अच्छी हैं," तो म्हणाला. "मेरे यहाँ एक मराठी कारीगर है. दोपहर को पढ़के सुनाता है. मैं सुनता हूँ और ढूँढता हूँ, मैं किधर हूँ. अब तक मिला नहीं."

"तुम्ही माझ्या पुस्तकात येणार नाही, शेठ," तुम्ही मराठीतच म्हणालात.

"मैं नहीं तो वो. जिसने बोला था. वो तो आएगा ना?"

तुम्ही हसलात. तोही हसला. आठ वर्षं आत काढून आलेला माणूस इतकं शांत हसू शकतो हे मी तेव्हा पाहिलं. तो गेल्यावर तुम्ही थोडक्यात सांगितलंत: कापडाच्या ताक्यांत, म्हणजे ताग्यांत, गुंडाळून तस्करीचा माल यायचा, कुणीतरी खबर दिली, शेठ पकडला गेला. आता पर्वत पाटियाला त्याचं ट्रान्सपोर्टचं ऑफिस आहे. खबर कुणी दिली हे तो सुटल्यापासून शोधतोय. त्या माणसाला त्याला फक्त एकदा बघायचं आहे, असं तो सगळ्यांना सांगतो. घारीचा डबा टेबलावर आठवडाभर तसाच पडून होता. शेवटी माईंनी तो उचलला आणि कुठे नेला ते कुणी विचारलं नाही.

आणि हे सगळं ठाऊक असताना आठव्या कादंबरीच्या नवव्या प्रकरणात तुम्ही सुपडूला आणलंत.

सुपडू हे नाव तुम्हीच त्याला दिलेलं, म्हणून मीही तेच वापरते. बमरोलीतला लूमवरचा, म्हणजे यंत्रमागावरचा, कारीगर, दिवसपाळी झाली की शेठच्या गोदामात ताके वाहणारा. एका संध्याकाळी त्याच्या खांद्याला काहीतरी वेगळं जाणवलं आणि त्यानं तुम्हाला सांगितलं, "साहेब, हाऊ ताका जड लागस." एवढीच खबर. पुढचं सगळं तुमचं काम. अकरा वर्षं तो तुमचा माणूस होता. लूमच्या आवाजानं त्याचे कान गेलेले, त्यामुळे त्याला हळू बोलता येत नव्हतं. कुजबुजता न येणारा खबऱ्या तुमच्याशिवाय कुणी ठेवला नसता. म्हणून तुम्ही त्याला लूमच्या मधोमध भेटायचात, चोवीस लूम चालू असताना, तिथे ओरडलं तरी शेजारच्याला कळत नाही.

मी बाई आहे, शब्दार्थ सांगितल्याशिवाय पुढे जात नाही, तुम्हाला ठाऊक असला तरी. खातं म्हणजे मराठी माणसाला सरकारचं खातं. पोलीस खातं, टपाल खातं. सुरतेत खातं म्हणजे लूमचा कारखाना. बमरोलीतला माणूस डबा घेऊन खात्यात जातो आणि पाळी संपली की खात्यातून येतो. सुपडूला या दोन अर्थांची गंमत सापडली होती आणि त्या गरीब माणसाकडे गंमत म्हणून तेवढीच होती. "मी खातामा शे, माले कसानी भीती?" असं तो उठताबसता म्हणायचा. बायकोला, चहावाल्याला, गोदामात ताके उतरवताना खुद्द शेठच्या तोंडावर. सगळ्यांना वाटायचं, लूमवर कायम काम आहे म्हणून ऐट करतोय. कोणतं खातं ते तुम्हा दोघांनाच माहीत.

आणि हे वाक्य तुम्ही जसंच्या तसं लिहिलंत. वर त्याचा दुसरा अर्थ उलगडून सांगितलात. उतरवून झाल्यावर वही तपासताना मी तिथे थांबले. माझ्या डोळ्यांपुढे पर्वत पाटियाचं ते ऑफिस आलं, जेवण झालेलं, पंखा चालू, कारीगर वाचतोय आणि शेठ ऐकतोय. हे वाक्य आलं की तो म्हणणार, थांब, पुन्हा वाच.

मी वही घेऊन खाली आले.

"हा माणूस खरा आहे?"

"होता."

"होता म्हणजे?"

"केव्हाच गेला. गावाकडे. पोटाच्या दुखण्यानं."

"घरचं कुणी असेल."

"कुणी नाही."

"तरी हा शब्द काढा, नाना. शेठ वाचून घेतो, तुम्हाला माहीत आहे."

तुम्ही वही मिटून माझ्यापुढे सरकवलीत. मग बोललात ते मी विसरणार नाही. "त्या प्रकरणात मला पदक मिळालं, बाई. दिल्लीहून आलेल्या माणसानं हात हातात घेतला. त्याला काय मिळालं? त्याचं नाव कुठल्या कागदावर नाही, मीच येऊ दिलं नाही. त्याचा म्हणून एवढा एक शब्द आहे, तो मी छापणार. शब्द काढला की माणूस मेला."

"तो मेलाय असं तुम्हीच म्हणता."

तेव्हा तुमची नजर माझ्यावरून उडून दाराकडे गेली. मला वाटलं, सवय. चार वर्षं तुमच्या समोर बसून एवढं कळायला हवं होतं.

मी हट्टाला पेटले. मेलेला असला तरी त्याच्या भावकीतलं कुणीतरी असेल, शेजारी असेल, शेठला कुणीही पुरेल. तुम्हीही हट्टाला पेटलात. शेवटी तुम्ही म्हणालात, "तुमच्या हातून होत नसेल तर मी दुसऱ्याकडून उतरवून घेईन." मी म्हटलं, "घ्या." माईंनी चहा आणला होता. तो तसाच टाकून मी वही उचलली आणि वर गेले. वही माझी होती, अक्षर माझं होतं, कच्चे कागद आदल्या रविवारीच बंबात गेले होते. म्हणजे दुसऱ्याकडून उतरवून घ्यायला तुमच्याकडे काहीच नव्हतं. मला ते जिन्यातच लक्षात आलं आणि बरं वाटलं. नाना, ते बरं वाटणं मला आता सहन होत नाही.

दोन दिवस मी खाली उतरले नाही. तिसऱ्या दिवशी पोळ्या लाटत होते तेव्हा माईंची हाक आली. आवाज ऐकूनच कळलं की हाक नुसती मला नाही, जो ऐकेल त्याला आहे.

तुम्हाला वाटत असेल, चहाचं काय एवढं. पण मला तोच आठवतो. साय धरलेला कप.

पाचव्या दिवशी बैठकीच्या खोलीत सतरंजीवर आठदहा माणसं होती. सोसायटीतले, शाळेतले दोघं, तुमच्या खात्यातले एक निवृत्त साहेब. सफारीवाला शेठ तुमच्या फोटोसमोर बसला होता. भिंतीला टेकून, गुडघ्यावर हात, दाराकडे तोंड. तुमची जागा होती ती. अर्धा तास तो बसून होता आणि आत येणाऱ्या प्रत्येक माणसाकडे शांतपणे बघत होता. मला तेव्हा समजलं की तो सांत्वनाला आलेला नाही. साहेब गेल्यावर कोण कोण येतं ते बघायला आला आहे.

तेवढ्यात दारात तो म्हातारा वाकला. मळकट पांढरा पायजमा, टोपी, हातात गजऱ्याची पुडी, कारण हार कुठे मिळतो ते त्याला सुचलं नसावं. फोटोपुढे तो उभा राहिला आणि हात जोडायचंच विसरला. शेजारच्या जोशीकाकांनी विचारलं, "आपण साहेबांना कसे ओळखता?" त्याला ऐकू गेलं नाही. त्यांनी पुन्हा मोठ्यानं विचारलं.

तो वळला. चेहऱ्यावर दुःख होतंच, पण त्याच्याखाली काहीतरी वेगळंही होतं. आयुष्यभर कुणाला सांगता न आलेली गोष्ट अखेर कुणीतरी विचारली होती. आणि तो सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला,

"मी आनि साहेब एकच खातामा व्हतूत."

मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. त्याचं नाव, गाव, चेहरा, काही माहीत नव्हतं. त्या एका शब्दावरून मी त्याला ओळखलं. तुम्ही बरोबर होतात, तो शब्दच तो माणूस होता. आणि मीही बरोबर होते.

शेठनं मान वर केली. गोदामातल्या हमालांचे चेहरे त्यानं कधी नीट बघितले नसावेत, पण बोलणं कानावर होतं. "कौन से खाते में, काका?"

तुम्हीच सांगायचात ना, खोटं बोलायचं तर तीन हिस्से खरं बोलावं, चौथा कुणी तपासत नाही. मी उठून उभी राहिले. पदर सावरला आणि गुजरातीत बोलले, कारण गुजरातीत लूमच्या खात्याखेरीज दुसरं खातं चटकन कुणाच्या मनात येत नाही. "लूम्सना खातामां, शेठ. साहेब चोपडी लखवा माटे बमरोली जता'ता. आ काकाए बधुं बताव्युं." पुढे मराठीत जोशीकाकांना म्हटलं, "नवी कादंबरी लूमवर आहे ना. नाना महिनाभर यांच्याशेजारी जाऊन बसायचे."

सगळ्यांनी माना हलवल्या. निवृत्त साहेब माझ्याकडे बघत होते. सुपडूला यातलं अक्षरही ऐकू आलं नव्हतं. त्यानं बोलायला पुन्हा तोंड उघडलं. मी पुढे होऊन त्याचा हात धरला आणि जवळजवळ ओढतच त्याला माईंकडे आत नेलं. पाठीवर शेठची नजर होती. शिक्षिकेला पाठीमागची नजर कळते, तीस वर्षं फळ्यावर लिहिताना आम्ही तेच शिकतो.

मी परत आले तर शेठ बूट घालत होता, एकाला एक लावून ठेवलेले. "नई किताब कब आएगी, बहनजी?"

"येईल. तुम्हाला एक प्रत पाठवते."

"भेजना," तो म्हणाला. "लूम का हमको भी शौक है."

तो गेल्यावर मी स्वयंपाकघरात जाऊन दोन ग्लास पाणी प्यायले. आत सुपडू माईंसमोर उकिडवा बसून म्हणत होता, "माय, मन्हा साहेब गयात." आणि माई, ज्या पाच दिवस दगडासारख्या बसल्या होत्या, त्या पहिल्यांदा रडल्या.

बाकीचं सुपडूनंच मला सांगितलं, दहाव्यानंतर, माझ्या स्वयंपाकघरात. मी त्याला खिडकी लावून विचारलं की तू मेलास असं साहेबांनी का सांगितलं. तो हसला. त्याला ते माहीत होतं.

"साहेब म्हने, मी तुले पुस्तकमा मारी टाकसू, मंग तुना मांगे कोनी येवाव नही." मग थोडा रुसून, "मी म्हनं, साहेब, पोट दुखीसन नका मारा."

म्हणजे तो शब्द सवयीनं राहिलेला नव्हता. तुम्ही तो मुद्दाम ठेवला होतात. शेठनं त्याला त्या शब्दावरून ओळखावं, आणि मग शेवटच्या प्रकरणात तो गावाकडे पोटाच्या दुखण्यानं मेल्याचं ऐकावं, आणि शोध थांबवावा. आणि ते मरण खपतं का हे तुम्ही आधी माझ्यावर करून पाहत होतात. माझ्यावर खपलं. मी भांडले, पण तो मेला यावर मी क्षणभरही शंका घेतली नाही. तुम्हाला तेवढंच हवं होतं. पदकाचं जे बोललात ते मात्र खरं होतं, ते मला त्या दिवशीही कळलं होतं. तीन हिस्से खरं.

एवढं सगळं रचलंत आणि शेवटचं प्रकरण लिहायचं राहिलं. आणि ज्याला कागदावर मारायचं होतं तो जिवंत, गजऱ्याची पुडी घेऊन, शेठच्या समोर येऊन उभा राहिला. तुमच्यासाठी आला, नाना. अकरा वर्षं त्याला शिकवलंत की कुठे जायचं नाही, कुणाला ओळख द्यायची नाही, आणि तुम्ही गेल्यावर तुमच्या दारात यायचं नाही एवढंच सांगायचं राहिलं.

मला राग याचा आहे की तुम्ही मला सांगितलं नाहीत. विश्वास नव्हता का? की होता, आणि मी दाराकडे बघायला लागेन अशी भीती होती? याचं उत्तर मिळणार नाही. पण मला सांगितलं असतंत तर मी तो चहा टाकून गेले नसते.

सुपडूनं जाताना विचारलं, "बाई, साहेबनी मन्हाबद्दल काय लिखेल शे?" त्याला वाचता येत नाही. त्याला ऐकवायचं तर ओरडून ऐकवायला हवं. मी मिक्सर लावला, रिकामाच, आणि त्या घरघराटात त्याच्या कानाशी तोंड नेऊन नववं प्रकरण मोठ्यानं वाचलं. तो डोळे मिटून ऐकत होता. शब्द आला तेव्हा त्यानं मांडीवर थाप मारली.

"हाऊ ते मीच शे," तो म्हणाला.

त्याला मी दोनदा वाचून दाखवलं. मग ती पानं वहीतून काढली, माईंच्या न्हाणीघरात नेली आणि बंबात घातली. त्या दिवशी त्यांनी त्या पाण्यानं आंघोळ केली.

नववं प्रकरण मी पुन्हा लिहिलं. शब्द बदलला, वाक्य बदललं, त्याची ती गंमत काढून टाकली. शेवटचं प्रकरणही मीच लिहिलं, तुमच्यासारखं जमलं नाही. त्यात कुणी मरत नाही. तो डबा घेऊन घरातून बाहेर पडतो आणि कोपऱ्यावर वळतो, एवढंच आहे. कादंबरी प्रकाशकाकडे गेली. छापून आली की शेठला पहिली प्रत मीच पाठवणार आहे, बोलल्याप्रमाणे. त्याला लूमबद्दल बरंच काही ऐकायला मिळेल.

हे कागद मी माईंकडे ठेवणार आहे. त्या वाचत नाहीत, त्यांच्याइतकी सुरक्षित तिजोरी सुरतेत दुसरी नाही. तरी तुमचं ऐकलंय, नाना. जळेपर्यंत तो कागदच असतो. म्हणून सांगते, सुपडूचा शब्द 'खातं' नव्हे. त्याच्या शब्दातही असाच दोन अर्थांचा घोळ होता आणि तो शब्दही त्या खोलीत असाच मोठ्यानं बोलला गेला, पण तो कोणता हे आता मला आणि त्यालाच ठाऊक. बमरोलीही नव्हे. शेठ सफारी घालत नाही. आणखी काय काय बदललंय ते मी लिहिणार नाही, तुम्ही ओळखाल.

सोसायटीत आता तो पुस्तकासाठी माहिती देणारा काका म्हणून उघड येतो-जातो. शब्द काढला की माणूस मेला, असं तुम्ही म्हणाला होतात. काल दुपारी तो आला होता. चहात साखर कमी आहे म्हणाला, आणि ते सगळ्या जिन्याला ऐकू गेलं.